गावच्या बातम्यांवर प्रश्न विचारू द्या : माहिती व प्रसारण मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव,
माहिती व प्रसारण मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : सामुदायिक रेडिओ केंद्रांना श्रोत्यांसाठी स्थानिक बातम्यांवरची साप्ताहिक प्रश्नमंजूषा घेण्याची लेखी मोकळीक मिळण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी निवेदिका आहे. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र केंद्राच्या वतीने नाही, माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेलं आहे. दर रविवारी संध्याकाळी मी श्रोत्यांसाठी प्रश्नमंजूषा घेते. पाच प्रश्न असतात, फोन सुरू असतो आणि बरोबर उत्तराला छोटंसं बक्षीस असतं : कधी वह्या, कधी शेवग्याचं रोप, कधी बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानदाराने दिलेला स्टीलचा डबा. आठवडाभरात सगळ्यात जास्त फोन याच कार्यक्रमाला येतात. पण श्रोत्यांना जे विचारण्याची खरी गरज आहे, नेमकं तेच मला विचारता येत नाही. ते ‘बातमी’ ठरतं.

नियम आपल्याला माहीत आहेत, तरी हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. सामुदायिक रेडिओ म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरातल्या लोकांसाठी विना-नफा चालवलेलं छोटं रेडिओ केंद्र. २००६ च्या धोरणाने सामुदायिक रेडिओला बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करायला मनाई केली. पुढे थोडी सूट मिळाली. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून द्यायला परवानगी आली. हवामान, वाहतूक, खेळांच्या स्पर्धांची माहिती, सण-उत्सव, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकऱ्या, स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज-पाण्याच्या सूचना आणि आपत्तीचे इशारे यांना बातमी मानायचं नाही, असंही ठरलं. या सुटीचा आम्हाला फार उपयोग होतो. तिच्यामुळेच माझी प्रश्नमंजूषा चालते.

पण ती कुठे अडते ते पाहा. उपसा सिंचन योजनेचं आवर्तन अमुक तारखेला सुटणार, असं पाटबंधारे खात्याने कळवलं, तर ती सूचना मी वाचून दाखवू शकते आणि रविवारी त्यावर प्रश्नही विचारू शकते. ठरल्या तारखेला पाणी सुटलं का, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावापर्यंत पोचलं का, नसेल तर कुठल्या फाट्यावर थांबलं, हे मात्र विचारता येत नाही. पाणी येणार ही माहिती आणि आलं नाही ही बातमी, अशी ही विभागणी आहे. ज्याच्या डाळिंबाच्या बागेचा पुढचा महिना या पाण्यावर आहे, त्याला दोन्ही गोष्टी सारख्याच लागतात.

ग्रामसभेचंही तेच. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी किती मतदार लागतात, हे मी विचारू शकते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे, हे उत्तर आता आमच्या भागातल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पण गेल्या आठवड्यात कुठल्या गावची सभा गणपूर्ती नसल्याने तहकूब झाली, हे विचारलं की मी चालू घडामोडींत शिरते. कायद्याप्रमाणे तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे त्या दुसऱ्या सभेत मूठभर माणसंही गावाचे ठराव करू शकतात. सभा तहकूब झाल्याचं आणि ती पुन्हा कधी भरणार याचं गावाला कळणं किती निकडीचं आहे, ते इथे दिसतं. मी कायदा शिकवू शकते, पण तो कायदा आपल्याच गावात या आठवड्यात लागू झाला हे सांगू शकत नाही.

पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा. आज संध्याकाळी चावडीवर सभा आहे, उद्या वसुलीला साहेब येणार आहेत, हे गल्लीगल्लीत ओरडून सांगायचा आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांपर्यंत बातमी पोचायची. दवंडी जवळपास गेली. तालुक्याला वर्तमानपत्रं येतात, पण वाड्यावस्त्यांवर ती रोज पोचत नाहीत, आणि जिल्हा पुरवणीत एका वस्तीचं नाव वर्षातून एकदा आलं तरी खूप. आकाशवाणीची बातमीपत्रं आम्ही आदराने ऐकतो. पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या तेव्हा घराघरांत सकाळची कामं त्या आवाजावर चालायची. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा लोक संतापले आणि तो निर्णय थांबवावा लागला. लोकांना रेडिओवरच्या बातमीची केवढी किंमत वाटते, हे त्या वेळी दिसलं. पण एवढ्या मोठ्या भागासाठी असलेल्या बातमीपत्रात आमच्या एका वाडीचा टँकर कसा बसणार? तो आकाशवाणीचा दोष नाही. त्यासाठीच तर १०० वॅटचा आमचा छोटा मनोरा आहे, ज्याचा आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जातो.

आता प्रश्नमंजूषाच का, याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझा सगळा जोर तिच्यावरच आहे.

कार्यक्रमाची तयारी करणाऱ्याला काही काळाने एक गोष्ट लक्षात येते. बरोबर उत्तरापेक्षा चुकीच्या उत्तरातून जास्त कळतं. एकच चुकीचं उत्तर वेगवेगळ्या गावांतून पुन्हा पुन्हा आलं, की समजायचं, ही अफवा आहे आणि ती फिरते आहे. पीकविम्याचं उदाहरण सांगते. २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यात एक रुपयात पीकविमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याला पुन्हा आपला हिस्सा भरावा लागू लागला : विमा संरक्षित रकमेच्या खरिपात २ टक्के, रब्बीत दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के. सरकारी योजनेची माहिती म्हणून मी त्यावर प्रश्न विचारला. फोनमागून फोन आले आणि बहुतेकांचं उत्तर होतं ‘एक रुपया’. त्यांतले कित्येक जण ठाम होते. एका काकांनी तर मलाच समजावलं की, ताई, तुमच्याकडे जुना कागद आला असेल. त्या संध्याकाळी मी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि कृषी विभागाचं पत्रक सावकाश, दोनदा वाचून दाखवलं. पुढचे काही दिवस केंद्रावर याच एका विषयावर माणसं विचारायला येत होती. हे चुकीचं उत्तर कुठल्याही बातमीपत्राला ऐकू आलं नसतं, कारण बातमीपत्र फक्त सांगतं, ऐकणाऱ्याने काय समजून घेतलं हे त्याला कळायची सोय नसते. प्रश्नमंजूषेत ती असते.

असंच एकदा, कार्यक्रमाच्या बाहेर, बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं की आपल्या पंचायत समितीचा कारभार सध्या कोण बघतं. बायकांनी झटकन माजी सभापतींचं नाव सांगितलं. तेव्हा राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत २०२२ मध्येच संपलेली होती, निवडणुका झालेल्या नव्हत्या आणि कारभार प्रशासकाकडे होता. त्या बायका रस्त्याची तक्रार घेऊन ज्या दारी जात होत्या, तिथे आता काहीच अधिकार उरलेला नव्हता. हा प्रश्न मला रविवारी हवेवर विचारायचा होता. विचारला नाही, कारण तो राजकीय ठरवला गेला तर आमच्या परवान्यावर बालंट येईल ही भीती. केंद्र छोटं आहे, संस्था गरीब आहे, दिल्लीहून आलेल्या एका नोटिशीला उत्तर द्यायला वकील लावणंही आम्हाला परवडत नाही. त्यामुळे शंका आली की आम्ही प्रश्न गाळतो. माझ्या वहीत गाळलेल्या प्रश्नांची पानं विचारलेल्या प्रश्नांपेक्षा जास्त आहेत.

दुसरं म्हणजे, प्रश्नमंजूषा हा बातमीचा सगळ्यात सुरक्षित प्रकार आहे, हे आपण ध्यानात घ्यावं. तिच्यात मत विचारता येत नाही. ‘सरपंचांचं काम कसं वाटतं’ हा प्रश्नमंजूषेतला प्रश्नच होऊ शकत नाही, कारण त्याला एक उत्तर नाही आणि एक उत्तर नसेल तर बक्षीस कोणाला द्यायचं? कार्यक्रम सुरू होण्याआधी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर कागदावर असावं लागतं. ठरावाची नक्कल, तहसील कार्यालयाची सूचना, बाजार समितीचा भावफलक, महावितरणचं पत्र, यांतलं काहीतरी हातात असल्याशिवाय मी प्रश्न घेतच नाही. घेतला आणि उत्तर चुकलं, तर पुढच्या पाच मिनिटांत ज्याचं बक्षीस हुकलं तो फोन करून भांडतो. इतक्या लवकर आणि इतक्या जवळून पडताळणी दुसऱ्या कुठल्या माध्यमात होते?

आणि श्रोते त्यासाठी कष्ट घेतात. कुठल्या विषयांवर प्रश्न येतील हे मी आधी सांगून ठेवते. मग मुलं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेले कागद वाचायला जातात. सातवीतल्या एका मुलीने ग्रामसेवकांना गाठून अंदाजपत्रकाबद्दल विचारलं होतं, तिला पाणीपट्टीचा आकडा हवा होता. शाळेत न गेलेल्या आजी नातवाकडून आठवड्याच्या सूचना वाचून घेतात आणि रविवारी उत्तर मात्र स्वतः देतात, फोन नातवाच्या हातात देत नाहीत. एक अंध श्रोते आहेत, त्यांचा फोन आला नाही तर बाकीचे श्रोतेच विचारतात की ते बरे आहेत ना. या माणसांना गावाचा कारभार कळून घ्यायची किती ओढ आहे, ते मी दर आठवड्याला ऐकते. त्यांच्यापर्यंत कारभार नेणारं माध्यम हाताशी आहे आणि त्याच्यावरच बंधन आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बंधनाचं कारण म्हणून सुरक्षितता सांगितली जाते. छोटी केंद्रं चुकीची बातमी देतील, कुणाच्या दावणीला बांधली जातील, भावना भडकवतील. या काळजीला मी हलकं समजत नाही. अफवेने माणसं मरतात, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी ती माणसं होती. त्या अफवा मोबाइलवरून पसरत होत्या. त्यांना कसला परवाना लागला नव्हता, पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, आणि त्या आठवड्यांत त्या भागातल्या माणसाने त्याच्या बोलीत, त्याच्या ओळखीच्या आवाजात ‘हे खोटं आहे’ असं रोज सांगण्याची गरज होती. आपत्तीचा इशारा प्रशासनाने दिला तर रेडिओ तो देऊ शकतो. पण ‘गेल्या चार दिवसांत आपल्या तालुक्यात मूल पळवल्याच्या किती तक्रारी पोलिसांत नोंदल्या गेल्या?’ हा साधा प्रश्न, ज्याचं उत्तर पोलिस ठाण्याच्या नोंदीत मिळतं आणि जे बहुतेक वेळा ‘एकही नाही’ असतं, तो स्वतःहून विचारायला आम्हाला आज मोकळीक नाही. राईनपाड्याच्या बातम्या वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

आमचा मात्र पत्ता आहे. मनोरा कुठे उभा आहे हे आपल्या मंत्रालयाला ठाऊक आहे, संस्थेची नोंदणी आपल्याकडे आहे, आकाशवाणीची कार्यक्रम आचारसंहिता आम्हाला लागू आहे. प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा, असा नियमच आहे, आणि आम्ही तो पाळतो. कुणी तक्रार केली तर शब्दन् शब्द ऐकवता येईल. ज्याच्यावर लक्ष ठेवणं सगळ्यात सोपं आहे त्या माध्यमाला बातमी बंद, आणि त्याच श्रोत्याच्या हातातल्या मोबाइलवर तालुक्यातालुक्यांतले बातम्यांचे चॅनेल दिवसभर सुरू. वर्तमानपत्राला मुभा, दूरचित्रवाणीला मुभा, इंटरनेटला मुभा. रेडिओच का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

न्यायालयाने तर फार आधी वाट दाखवली आहे. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं. त्या खंडपीठावर आपले न्या. पी. बी. सावंत होते, याचा मराठी माणूस म्हणून मला अभिमान आहे. सामुदायिक रेडिओची सगळी चळवळ त्या निकालाचं बोट धरून उभी राहिली. रेडिओवरच्या बातमीबंदीला ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, खासगी एफएम वाहिन्यांना दर तासाला १० मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. व्यापारी वाहिन्यांसाठी जी गोष्ट विचारात घेण्याजोगी वाटते, ती विना-नफा चालणाऱ्या केंद्रांसाठी तितकीच तातडीने विचारात घ्यायला हवी.

शेजारी नेपाळ बघा. काठमांडूचं रेडिओ सगरमाथा १९९७ मध्ये सुरू झालं. २००१ मध्ये तिथल्या सरकारने एफएम केंद्रांच्या बातम्यांवर बंदी आणू पाहिली आणि त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. आज तिथल्या डोंगराळ जिल्ह्यांत सामुदायिक रेडिओ रोजच्या बातम्या देतो. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या रेडिओ ४ वर बातम्यांची प्रश्नमंजूषा १९७७ पासून चालू आहे. आपल्याकडेही रेडिओवरच्या प्रश्नमंजूषेचं वेड काय असतं, ते हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी यांचा आवाज ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला विचारावं. आपल्या देशात या प्रकाराला श्रोता आहे आणि परंपराही आहे.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. बातमीबंदी पूर्ण उठवावी असं मला वाटतंच, पण तोवर थांबायची गरज नाही. जी यादी ‘बातमी नव्हे’ म्हणून आपणच केली आहे, तिच्यात एक ओळ वाढवावी : शासकीय कार्यालयं, स्थानिक स्वराज्य संस्था, पोलिस आणि बाजार समित्या यांच्या लेखी नोंदींवर आधारलेली श्रोत्यांसाठीची प्रश्नोत्तरं. त्याचबरोबर, आकाशवाणीच्या बातमीपत्रात आलेल्या मजकुरावर प्रश्न विचारणं म्हणजे ती बातमी बदलणं नव्हे, एवढा खुलासा करावा. आज याबाबत काहीच स्पष्ट नाही. आकाशवाणीची बातमी मी वाचून दाखवू शकते हे नक्की आहे, पण दुसऱ्या दिवशी तीच बातमी प्रश्नाच्या रूपात विचारली तर ती ‘मूळ स्वरूपात’ राहिली का, हे सांगणारं मला कुणी भेटलेलं नाही.

अटी घालायच्या तर घालाव्यात. प्रत्येक प्रश्नाच्या आधाराचा कागद नोंदवहीत ठेवावा, ही अट मला मान्य आहे, आजही मी ते करते. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना उमेदवार आणि पक्ष यांच्यावर प्रश्न नकोत, हेही मान्य. केंद्राच्या पदाधिकाऱ्यांपैकी कुणी निवडणूक लढवत असेल तर त्या काळात कार्यक्रमच बंद ठेवावा, असं म्हणालात तर तेही मी आनंदाने स्वीकारेन. चुकीचं उत्तर प्रसारित झालं तर पुढच्याच दिवशी त्याच वेळेला दुरुस्ती वाचावी, ही अट तर आपण जरूर घालावी. फक्त एक विनंती : दर प्रश्नाला आधी कुठल्या तरी कार्यालयाची परवानगी घ्या, असं ठेवू नये. ज्या कार्यालयाचा टँकर आला नाही, त्याच कार्यालयाला टँकरवरचा प्रश्न मंजूर करायला लावण्यात अर्थ नाही.

म्हसवडची माणदेशी तरंग, सांगली जिल्ह्यातली येरळावाणी, नाशिकचा रेडिओ विश्वास, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी अशी कितीतरी केंद्रं महाराष्ट्रात आपापल्या लोकांशी त्यांच्या बोलीत बोलत आहेत. देशभरात अशी सुमारे पाचशे केंद्रं आहेत. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही. पण माझ्यासारखी गाळलेल्या प्रश्नांची वही त्यांतल्या पुष्कळांकडे असेल, याची मला खात्री आहे. मंत्रालयाने ती मागवून घ्यावी. कुठल्या प्रश्नात नेमका काय धोका आहे, हे तिथे एकेका प्रश्नासमोर लिहून दाखवावं. बहुतेक ठिकाणी लिहिण्यासारखं काही सापडणार नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

या पत्राचं उत्तर मला एकटीला नको. जो काही खुलासा होईल तो सगळ्या केंद्रांना एकाच वेळी, लेखी, आणि इंग्रजी-हिंदीबरोबर त्या त्या राज्याच्या भाषेत पाठवावा. आमच्या केंद्रावरच्या पुष्कळ बाया-बापड्यांनी मराठीतूनच हे काम शिकलं आहे, परिपत्रकही त्यांना स्वतः वाचता आलं पाहिजे. खरिपाच्या पेरण्यांच्या आधी उत्तर आलं तर बरं होईल. त्या दिवसांत बियाणं, खतं, कर्ज आणि विमा यांच्या तारखा रोज बदलतात, अफवाही तेव्हाच सगळ्यात जास्त असतात, आणि रविवारचे पहिले पाच प्रश्न मी त्यावरच काढून ठेवले आहेत.

कळावे,
आपली नम्र,
सामुदायिक रेडिओवरची एक निवेदिका